शाळेच्या दुरुस्तीचे पैसे कापले, दोन वर्गांना कुलूप. दाद कुठे मागायची?

लश्करवाली:
नमस्कार मंडळी, ग्वाल्हेरहून लिहितेय. आमच्या गल्लीत सरकारी प्राथमिक शाळा आहे, माझे बाबा तिथेच शिकले आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंची दोन्ही मुलं आता तिथे जातात. ताई शाला प्रबंधन समितीत आहेत, त्यांच्याबरोबर मीपण मीटिंगला जाते. इमारत जुनी, गर्डरवर दगडी पटिया टाकलेलं छत, आमच्या लश्कर भागात जिकडेतिकडे असतं तसंच. तीन वर्षं दुरुस्तीचा प्रस्ताव वर जातोय आणि यंदा हेडमॅडम म्हणाल्या की बिल्डिंगसाठी पैसेच कमी आलेत, आपलं नाव यादीतून गेलं. आता दोन खोल्या बंद, तिसरी-चौथी-पाचवी एकाच व्हरांड्यात. पाऊस आडवा आला की मुलं दप्तर पोटाशी धरून भिंतीला चिकटून उभी राहतात आणि बाई शिकवायचं सोडून हजेरीचं रजिस्टर पॉलिथिनमध्ये गुंडाळतात. परवा हे बघून मला रडूच आलं. ११८ मुलं आहेत हो. काय करू?

निवृत्त_शिक्षिका:
ताई, शाळेला वर्षाला जी कंपोझिट ग्रँट मिळते ती पटावर ठरते. १०० च्या वर २५० पर्यंत मुलं असली तर ५० हजार, त्यातच खडू, रजिस्टरं, विजेचं बिल, आणि निदान १० टक्के स्वच्छतेवर. त्यात छत होत नाही, म्हणून हेडमॅडमना दोष देऊ नका, मी त्या खुर्चीत बसलेय. मोठी दुरुस्ती समग्र शिक्षाच्या (शाळांसाठीची केंद्र-राज्याची योजना) वार्षिक योजनेत जावी लागते, आपल्याकडे त्यात केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के. पण आधी एक बघा, यूडायसमध्ये (शाळांची सरकारी ऑनलाइन माहिती) त्या दोन खोल्या कशा भरल्यात? तिथे चांगली, किरकोळ दुरुस्ती, मोठी दुरुस्ती असे रकाने असतात. घाईत कोणी किरकोळ लिहून टाकलं असेल तर पैसे कमी असताना तुमची शाळा सगळ्यात आधी मागे पडणार.

सिव्हिलवाला_मुरार:
पटियाचं छत एका दिवसात पडत नाही. आधी सांध्यांतला चुना निघतो, मग पाणी गर्डरपर्यंत जातं, लोखंड गंजून फुगतं आणि पटियाची टेकण सुटते. सुरुवातीलाच सांधे भरून नाली मोकळी केली असती तर थोडक्यात भागलं असतं. पैसे वाचवले म्हणतात ना, ते असे चौपट होऊन परत येतात. व्हरांड्याचं छतपण तसलंच असेल तर मुलांना तिथेही बसवू नका, आधी इंजिनियरचा लेखी रिपोर्ट घ्या. राजस्थानात पिपलोदीला २५ जुलै २०२५ ला शाळेचं छत पडून ७ मुलं गेली, त्यानंतर केंद्राने सगळ्या राज्यांना शाळांचं सेफ्टी ऑडिट करायला सांगितलंय. तुमच्या शाळेचं झालं का ते लेखी विचारा.

थाटीपूरकर:
राग मानू नका, पण एवढ्या जुन्या इमारतीत पैसे घालण्यापेक्षा मुलं जवळच्या मोठ्या शाळेत का पाठवत नाही? तिथे खोल्या तरी पक्क्या आहेत.

लश्करवाली:
दादा, ती शाळा मेन रोडच्या पलीकडे आहे. ताई सकाळी सातला कामाला निघतात, सात वर्षांच्या पोरीला रस्ता ओलांडून कोण नेणार? शाळा लांब गेली की मुलीच आधी घरी बसतात, आमच्या गल्लीत दोघी बसल्याच आहेत.

निवृत्त_शिक्षिका:
अगदी बरोबर. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायदा) नियमांत पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर धरलंय ते उगाच नाही. समितीचा ठराव करा, फोटो जोडा, एक प्रत जनशिक्षकाला (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारा), एक डीपीसी म्हणजे जिल्हा प्रकल्प समन्वयकाच्या ऑफिसला, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. १८१ वर, म्हणजे सीएम हेल्पलाइनवर, तक्रारही घाला. यादीतून नाव का गेलं ते माहितीच्या अधिकारात विचारा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

लश्करवाली:
आज शाळेत जाऊन आले. बाई, तुमचा अंदाज खरा निघाला, दोन्ही खोल्या ‘किरकोळ’मध्येच आहेत. हेडमॅडम दुरुस्त करून देतो म्हणाल्या. शनिवारी ठराव आहे, ताईंनी सह्यांसाठी बारा आया गोळा केल्यात. मुरारवाले दादा, तुम्ही शनिवारी दहाला एकदा छत बघायला याल का? शिडी आमच्या घरून आणते.

सिव्हिलवाला_मुरार:
येतो. खोल्यांच्या चाव्या तेवढ्या काढून ठेवा.