झोपेची गोळी न घेता विमानात बसायचं कसं? (नागपूर ते बंगळूर)

इतवारीवाला
नमस्कार मंडळी. वय ५३, इतवारीत मिरची-मसाल्याचं दुकान. मुलगी बंगळुरात, डिसेंबरात तिची डिलिव्हरी. बायको आधीच तिकडे जाऊन बसली, आता मलाही बोलावून राहिली. दुकान चार दिवसांच्या वर बंद ठेवता येत नाही अन् रेल्वेनं गेलो तर त्यातले दोन गाडीतच जातात. म्हणजे विमान आलं.

अन् विमानाचं मला भेव वाटते. हसू नका बाप्पा. मागच्या मे महिन्यात दुपारच्या विमानानं मुंबईला गेलो. वर चढता चढता एकदम आवाज बसला, पोट खाली गेलं, मला वाटलं इंजिन बंद पडलं. शेजारच्या अनोळखी पोराचं मनगट असं धरलं की उतरताना त्यानं मला माझ्या बोटांचे वळ दाखवले. येताना एका मित्रानं त्याच्या वडिलांची अर्धी झोपेची गोळी दिली, ती घेतली. विमान कधी उतरलं समजलंच नाही. एअर होस्टेसनं हलवून उठवलं, शिडीवर तोल गेला अन् आईची चष्म्याची डबी वरच्या कप्प्यातच राहिली.

यावेळी रीतसर डॉक्टरकडे गेलो. त्यांचा पहिला प्रश्न, "घोरता का?" घोरतो. बायको म्हणते दुकानाचं शटर ओढल्यासारखा, अन् मधेच श्वास अडकतो. डॉक्टर म्हणाले, मग ही गोळी तुम्हाला नाही, आधी झोपेची तपासणी करून घ्या. गोळीशिवाय जायचं कसं हे सांगायला त्यांना वेळ नव्हता, बाहेर रांग होती. म्हणून इथे विचारून राहिलो.

बर्डीचा भाऊ
दोन पेग मारा काका, डायरेक्ट बंगळूर 😄

सोनेगावकर
वरच्या भाऊचं ऐकू नका. घोरणाऱ्याला दारू त्याच कारणानं वाईट. घशाचे स्नायू सैल पडतात, श्वास अडतो. त्यात केबिनमधली हवा ६ ते ८ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असते तेवढी विरळ.

मी विमानांच्या देखभालीत ३१ वर्षं काढली, आता गच्चीत बसून वरून जाणारी मोजतो. तुमचं इंजिन बंद पडलं नव्हतं. उड्डाणाला लागणारा पूर्ण जोर साधारण हजार-दीड हजार फुटांवर कमी करतात, नाकही थोडं खाली घेतात. विमान चढतच असतं, पण कानातला तोल सांभाळणारा भाग फसतो आणि पोट म्हणतं पडलो. हे होणार आहे हे धरूनच बसा. त्याआधी पायाखाली धाडकन आवाज येईल, ती चाकं आत गेली. मोटरीची घरघर म्हणजे पंखाचे फ्लॅप, मागच्या कडेच्या सरकत्या पट्ट्या. एअरबस ३२० असेल तर जमिनीवर असतानाच पोटातून कुत्रा भुंकल्यासारखा आवाज येऊ शकतो, तो हायड्रॉलिकचा एक पंप. नव्या पोरांना आम्ही कुत्रा शोधायला पाठवायचो. आणि समजा एक इंजिन खरंच गेलं, तरी ते विमान दुसऱ्यावर उडून उतरतं. पायलटांकडून सिम्युलेटरवर हे पुन्हा पुन्हा करून घेतात.

मेमधली दुपार ही तुमची खरी चूक. नागपूरची जमीन तापली की गरम हवेचे लोट उठतात आणि विमान खड्ड्यातल्या एसटीसारखं हलतं. सकाळचं घ्या. जागा पंखाजवळची, शेपटीकडे झोका जास्त. पंख वाकताना दिसले तर वाकू द्या. उड्डाणात येईल त्या जास्तीत जास्त भाराच्या दीडपट त्यांना तपासलेलं असतं. हलण्यानं लागतं ते बहुतेक पट्टा न बांधलेल्यांना.

मेथीवाली मावशी
मीही तुमच्यातलीच. २०२५ च्या जूनमध्ये अहमदाबादचा अपघात झाला, ती क्लिप मी दिवसातून वीस वेळा बघायचे. शेवटी काढलेलं तिकीट रद्द केलं. तेव्हा आजपासून असलं बघणं बंद.

माझ्या समुपदेशक मॅडमनी पायऱ्या करून दिल्या होत्या. आधी मेट्रोच्या ऑरेंज लाइननं नुसतं खापरीपर्यंत जायचं, एअरपोर्ट स्टेशन आलं की डोळे मिटायचे नाहीत. मग हेडफोनवर विमानातल्या आवाजाचं रेकॉर्डिंग लावून भाजी निवडायची. पहिल्या दिवशी मेथीची जुडी हातात थरथरत होती, आठव्या दिवशी कंटाळा आला. कंटाळा आला की पायरी चढलात, असं त्या म्हणायच्या. पुढची पायरी मला विचित्र वाटली. तीन मजले भरभर चढायचे आणि धडधडतं हृदय घेऊन गप्प बसायचं. पण खरंच, मला विमानापेक्षा त्या धडधडीचीच भीती होती. (तुम्ही हे करण्याआधी डॉक्टरांना विचारा हो.)

श्वास नाकानं चार मोजून आत, सात मोजून बाहेर. मोठमोठे श्वास घेत सुटलात तर उलट चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. त्या दिवशी सकाळी चहा-कॉफी नको, आणि तर्री पोहे तर नकोच!

गोळीबद्दल एक. १९९७ मध्ये छापलेला एक प्रयोग आहे. विमानाला घाबरणाऱ्या बायकांपैकी काहींना अल्प्राझोलाम हे चिंतेवरचं औषध दिलं, त्यांचा पहिला प्रवास सोपा गेला. आठवड्यानं गोळीशिवाय बसवलं, तेव्हा पॅनिक त्यांनाच जास्त आलं. गोळीनं भीती झोपते, शिकत काही नाही.

फारच वाटलं तर टेली मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

इतवारीवाला
पोचलो मंडळी. मेट्रोच्या चकरा सहा झाल्या, मेथी नाही, लसूण सोलला. सकाळचं विमान, पंखाजवळची जागा. चढतानाच एअर होस्टेसला सांगून टाकलं, "ताई, मी घाबरतो." ती दोनदा येऊन विचारून गेली.

आवाज बसला, बरोबर सोनेगावकर म्हणाले तिथंच. घाम फुटला, पण कोणाचं मनगट धरलं नाही. मधे कुठं तरी हलायला लागलं तेव्हा सावजी मसाल्याची घाणी मनातल्या मनात लावली. धने, खोबरं, खसखस, लवंग, शहाजिरं, प्रत्येकाचं वजन धरून. खिशात दगडफूल ठेवलं होतं, ते हुंगत होतो. शेजारचे गृहस्थ सरकून बसले. दगडफुलाचं वजन आठवेना म्हणून पुन्हा धन्यापासून सुरू केलं, तेवढ्यात पट्ट्याचा दिवा विझला. पट्टा मी काही काढला नाही.

झोपेच्या तपासणीची तारीख नागपूरला परत गेल्यावरची आहे. आता नवीन भानगड. जावयानं परतीचं तिकीट दुपारचं काढून ठेवलं, स्वस्त होतं म्हणे. जावयाला काय बोलू? सोनेगावकर, डिसेंबरची दुपार मेसारखीच असते का?

सोनेगावकर
नाही हो. डिसेंबरात ऊन ते केवढं. या निवांत. आणि दगडफूल पुडीत घट्ट बांधा, शेजाऱ्यांसाठी.