बारा वर्षे स्प्लेंडर चालवल्यावर थेट ३५० सीसीची गाडी घ्यावी का?

आगरातला मास्तर (गुहागर):

नमस्कार मंडळी. मी गुहागर तालुक्यातील एका शाळेत शिक्षक असून गेली बारा वर्षे स्प्लेंडर चालवत आहे. रोजचे शाळेचे जाणे-येणे २२ किलोमीटर, आठवड्यातून एकदा शृंगारतळी-मार्गताम्हाणे मार्गे चिपळूण आणि वर्षातून चार-पाच वेळा कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला सासरी, एवढाच माझा प्रवास आहे. अडचण फक्त शेवटच्या प्रवासात येते. मागे पत्नी, दोन पिशव्या आणि आंब्याच्या दिवसांत एखादी पेटी असली, की पोफळी सोडल्यावर गाडी दुसऱ्या गिअरवर येते आणि घाटमाथ्यापर्यंत तिथेच राहते. मागचा ट्रक हॉर्न देत असतो आणि पटकन पुढे निघून त्याला वाट मोकळी करून देण्याइतका जोर गाडीत उरलेला नसतो.

त्यामुळे आता मोठी गाडी घ्यावी असा विचार आहे. मित्र म्हणतात की थेट ३५० घ्या. मेहुण्यांचे मत असे की आधी दोन वर्षे १६० सीसीची चालवावी, मग पुढचे पाहावे. माझे वय ४१, उंची पाच फूट पाच इंच. घर रस्त्याच्या खालच्या अंगाला आहे, म्हणजे बेड्यापासून (रस्त्याकडच्या फाटकापासून) खळ्यापर्यंत (अंगणापर्यंत) चिऱ्यांची पंचवीसएक पावलांची उतरती वाट आहे आणि पावसात तिच्यावर शेवाळ धरते. लायसन्स वेगळे लागते का, आणि समुद्र घरापासून अर्ध्या किलोमीटरवर असताना अशी गाडी टिकते का, हेही कृपया सांगावे.

घाटउतार (चिपळूण):

सर, लायसन्सचा प्रश्न आधी मिटवतो. आपल्याकडे गिअरच्या मोटरसायकलचे लायसन्स एकदा मिळाले, की त्यावर कितीही सीसीची गाडी चालवता येते. कायदा तुम्हाला उद्याच मोठी गाडी चालवू देईल, आणि नेमके म्हणूनच शिकण्याची जबाबदारी आपली आपल्यावर येते.

माझ्या मते वेग किंवा ताकद हा तुमचा खरा प्रश्न नाही. तुमचा डावा पाय हा खरा प्रश्न आहे. स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे आहेत, म्हणजे चवडा दाबला की वरचा गिअर पडतो आणि टाच दाबली की खालचा. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० असो किंवा होंडाची सीबी ३५०, या गाड्यांत पहिला गिअर पुढे आणि उरलेले चार मागे आहेत. तिथे टाच दाबली की गिअर वाढतो आणि चवडा दाबला की कमी होतो. न्यूट्रलमधून पहिला टाकताना दोन्ही गाड्या सारख्याच वागतात, त्यामुळे फाटकातून बाहेर पडताना फरक जाणवतच नाही आणि माणूस गाफील राहतो.

मी स्वतः नऊ वर्षे शंभर सीसीची गाडी चालवून मोठ्या गाडीवर आलो. पहिले तीन आठवडे गावात काही झाले नाही. चौथ्या आठवड्यात कोयनेकडून कुंभार्ली उतरत होतो. डावीकडचे तीव्र वळण समोर आले, गाडी चौथ्यावर होती, तिसरा टाकावा म्हणून सवयीने टाच दाबली आणि गाडी पाचव्यात गेली. इंजिनाने धरायच्या ऐवजी एकदम सोडून दिल्यासारखे झाले. वळणाला मी कठड्यापासून हातभर अंतरावर होतो. समोरून काही येत नव्हते म्हणून आज हे लिहितो आहे. उलटी चूकही तितकीच वाईट असते. सरळ रस्त्यावर वरचा गिअर टाकायला जाऊन खालचा पडला, तर मागचे चाक हिसका देते. स्लिपर क्लच (असा हिसका मुद्दाम घसरून कमी करणारा क्लच) असलेल्या गाडीत तो हिसका थोडा सौम्य होतो, पण ओल्या रस्त्यावर त्याच्या भरवशावर राहू नये.

यावर उपाय म्हणजे सुट्टीत शाळेच्या मैदानावर रोज अर्धा तास, पंधरा दिवस. पहिल्या-दुसऱ्या गिअरवर इंग्रजी आठचे आकडे काढा, क्लच अर्धा धरून आणि मागचा ब्रेक हलका लावून. गिअर बदलताना सुरुवातीला टाच वापरूच नका. वरचा गिअर चवड्याने दांडा उचलून टाका, म्हणजे पायाला ही निराळी गाडी आहे याची आठवण राहते. आणखी एक गोष्ट बहुतेक लोक ऐकत नाहीत: पहिले दोन महिने जुनी गाडी चालवू नका. एक दिवस ही आणि एक दिवस ती असे केले, तर पाय कायमचा गोंधळतो.

पुढचा ब्रेकही नव्याने शिकावा लागेल. आपण सगळे ड्रमवाल्या गाडीवर पायाच्या ब्रेकवर वाढलेलो. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) सक्तीचे आहे, त्यामुळे पुढचे चाक लॉक होण्याची भीती पुष्कळ कमी झाली आहे. मात्र रस्त्यावर लाल चिखल आलेला असेल, तर मुळात नसलेली पकड एबीएसही आणून देत नाही.

देवगडहून:

वरील प्रतिसाद अगदी योग्य आहे, पण तो चालत्या गाडीबद्दल आहे. मोठ्या गाड्या बहुधा उभ्या असतानाच पडतात, आणि सरांची ती पंचवीस पावले वाचून मला तीच काळजी वाटली.

माझी उंची पाच फूट एक इंच आहे आणि मी तीन वर्षे रॉयल एनफिल्डचीच मेटिऑर ३५० चालवते. ती निवडण्याचे कारण तिची सीट ७६५ मिलिमीटरवर आहे, एवढेच होते. क्लासिकची सीट ८०५ वर आहे. कागदावर हा फरक चार सेंटिमीटरचा दिसतो, पण तिरक्या जागेवर थांबताना दोन्ही पाय पूर्ण टेकणे आणि एकाच पायाचा चवडा टेकणे एवढे अंतर त्यात असते. वजन बघा: तुमची स्प्लेंडर ११२ किलोची, क्लासिक १९५ किलोची, मेटिऑर १९१, आणि एनफिल्डची हंटर किंवा होंडाची हायनेस सीबी ३५० घेतली तरी सुमारे १८१. स्प्लेंडर कलली तर मांडीने सावरता येते. १९५ किलोची गाडी एका ठरावीक कोनापलीकडे गेली की ती सावरायचीच नसते. बाजूला होऊन पडू द्यायची असते, नाहीतर पाय खाली सापडतो.

ही गोष्ट मी फेरीबोटीत शिकले. जयगडहून तवसाळला येत होते, ओहोटी होती, त्यामुळे बोटीचा लोखंडी उतार नेहमीपेक्षा अधिक तीव्र लागला होता आणि त्यावर पाणी होते. पुढची गाडी मध्येच थांबली, मीही थांबले आणि उजवा पाय टेकवला, तर खाली काही लागेना, कारण उताराची कड तिथे संपत होती. गाडी हळूहळू आडवी झाली, मी शेजारी उभी, आणि चार जणांनी मिळून ती उचलली. लेग गार्ड वाकला आणि थोडी लाज गेली, बाकी काही नाही. तेव्हापासून पुढची गाडी वर जाऊन सपाटीला लागल्याशिवाय मी उतारावर चाक घालत नाही, आणि बोटीत गाडी गिअरमध्ये ठेवून तिच्याजवळच उभी राहते.

म्हणून सर, शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर बसून काही ठरवू नका. ओळखीच्या कोणाची ३५० एका रविवारी घरी आणा, इंजिन बंद करून खळ्यात उतरवा आणि एकट्याने वळवून दाखवा. मग तीच गाडी पावसाळ्यात, शेवाळावर, दप्तर खांद्याला लावून सकाळी सातला वर काढायची आहे, असे मनात आणा. तोंड खाली करून लावलेली गाडी चढावर मागे ढकलणे जवळजवळ अशक्य असते, त्यामुळे लावतानाच तोंड वर पाहिजे. साइड स्टँडखाली चिऱ्याची सपाट कपची ठेवावी, नाहीतर ओल्या मातीत स्टँड रुततो आणि सकाळी गाडी आडवी सापडते. आमच्याकडे हे काम करवंटीही करते, पण वजनाने ती फुटते.

शंभर नंबरी (रत्नागिरी तालुका):

गुरुजी, मी गॅरेज चालवतो, म्हणून टिकण्याबद्दल लिहितो. खारी हवा सगळ्यांनाच खाते, पण स्प्लेंडरची चेन पूर्ण डब्यात असते आणि ती तुम्ही वर्षातून दोनदा तरी पाहिली असेल का, याची मला शंका आहे. मोठ्या गाडीची चेन उघडी असते. पावसाळ्यात दर ४००-५०० किलोमीटरला ती रॉकेलच्या फडक्याने पुसून ९० नंबरचे ऑइल द्यावेच लागते. आतल्या ओ-रिंग (कड्यांमधले वंगण धरून ठेवणारे रबरी वॉशर) खराब होतात, म्हणून पेट्रोलने चेन धुऊ नये. स्पोकची चाके दिसतात देखणी, पण किनाऱ्याला स्पोकच्या मुळाशी दोन पावसाळ्यांत तांबेरा धरतो, शिवाय त्यात ट्यूब असते. भर पावसात निर्जन रस्त्यावर १९५ किलोच्या गाडीचे मागचे चाक खोलायला कोण बसणार आहे? अलॉय आणि ट्यूबलेस घ्या. पुळणीवर (समुद्राच्या वाळूवर) गाडी नेऊ नका, आणि नेलीच तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा.

आता मेहुण्यांच्या बाजूने दोन शब्द. ते चुकीचे नाहीत. १६० सीसीच्या गाड्या १४०-१५० किलोच्या असतात, ताकद स्प्लेंडरच्या जवळपास दुप्पट, आणि तुमच्या घाटाला ती पुरते. त्यांचेही गिअर बहुधा पहिला पुढे आणि बाकी मागे असेच असतात, म्हणजे पायाची सवय हलक्या गाडीवर मोडते. मात्र दोन वर्षांनी ती विकताना तोटा होतो, आणि मागे कायम माणूस बसणार असेल, तर ३५० ची लांब, जड गाडी दोघांनाही कमी दमवते. क्लासिकचा २७ न्यूटन मीटरचा पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, ४००० आरपीएमलाच मिळतो, त्यामुळे घाटात तिसऱ्यावर ती न कुरकुरता चढते. स्प्लेंडरचा टॉर्क ८ च्या आसपास आहे, यावरून कल्पना यावी.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. ३५० घेता घेता ४०० कडे वळू नका. दुकानदार म्हणेल की फक्त पन्नास सीसीचा फरक आहे. स्प्लेंडरमध्ये एका अश्वशक्तीला साधारण १४ किलो वजन पडते, क्लासिकमध्ये दहाच्या आत, आणि २०२३ साली आलेल्या ट्रायम्फ स्पीड ४०० सारख्या गाडीत साडेचारच्या आत. ती उत्तम गाडी आहे, पण पहिली मोठी गाडी म्हणून ती तुमच्यासाठी नाही. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्यांवर ४० टक्के. थर्ड पार्टी विम्याचे २०२२ चे दर पाहिले, तर ७५ ते १५० सीसीला वर्षाला ७१४ रुपये, ३५० पर्यंत १३६६ आणि त्यापुढे २८०४. पेट्रोल तुमच्या धावपळीला महिन्याला दहा-बारा लिटर जास्त लागेल, ते वेगळे.

आगरातला मास्तर (गुहागर):

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण सांगितलेले करून पाहत होतो.

एका सहकाऱ्याची क्लासिक घरी आणली. उतरवताना काही वाटले नाही. खळ्यात वळवायला मात्र मला सहा वेळा मागेपुढे करावे लागले, आणि तोंड खाली असताना मागे ढकलून पाहिली तेव्हा दोन पावलांवर दम संपला. पत्नी ओटीवरून पाहत होती. तिने विचारले, की ही रोज सकाळी करायची कसरत आहे का? त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. त्याच संध्याकाळी आम्ही ठरवले, की गाडी खाली आणायचीच नाही. बेड्याच्या उजव्या हाताला गडगा (कुंपणाची दगडी भिंत) चार हात मागे घेऊन रस्त्याच्या पातळीला सपाट जागा करायची आणि वर पत्रा टाकायचा. गवंडी येऊन माप घेऊन गेला आहे.

मैदानावर बारा दिवस सराव झाला. पहिल्या दिवशी आठव्या फेरीला टाच पडलीच. मैदान सपाट होते म्हणून निभावले. नवव्या दिवसापासून पडलेली नाही. सीटची उंची आणि वजन पाहता मेटिऑर आणि हायनेस या दोनच गाड्या आता विचारात आहेत. पत्नीला मागे बसवून दोन्ही पाहायच्या आहेत, कारण कऱ्हाडपर्यंत तिलाही बसायचे आहे. चाके अलॉयचीच घेणार.

स्प्लेंडर विकावी असे काही वाटत नाही. घाटउतार यांनी लिहिल्याप्रमाणे ती दोन महिन्यांसाठी असगोलीला थोरल्या भावाकडे ठेवली आहे, आणि तिची किल्लीही त्यालाच देऊन टाकली आहे.