होडीच्या केबिनची उंची वाढवायची आहे

प्रश्न: आमची २८ फुटी फायबरची होडी हर्णैला असते. केबिनची आतली उंची जेमतेम साडेचार फूट. बाबा रात्रभर वाकून सुकाणू धरतात, सकाळी कंबर सरळ होत नाही. बघवत नाही. छत दीड फूट उचलू का?

उत्तर: दादा, आधी खालच्या फळ्या काढून बघ. आमच्याकडे सहा इंच तिथंच मिळाले. पाणी उपसायच्या पंपाची जागा मात्र सोड.

उत्तर: अख्खं छत नको. वर वजन वाढलं की कललेली होडी सावकाश सावरते, वाराही जास्त धरते. सुकाणूपाशी बाबा उभे राहतात तेवढंच उचल. हलका प्लाय, वरून फायबर.

प्रश्नकर्ता: उद्या ओहोटीला फळ्या काढतो. बाबांची उंची मापून घेतली, पाच फूट चार.