पीसीच्या कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, केबल बदलून पुरेल का? मदत हवी आहे
भावाने जर्मनीहून येताना आणलेला डेस्कटॉप आता माझी मुलगी वापरते. त्याचा दोन गोल पिनांचा प्लग आपल्या ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये बसतो, पण ढिला. काल अनवाणी उभा असताना मागच्या स्क्रूला बोट लागलं आणि झिणझिण्या आल्या. त्या प्लगचं अर्थिंग कडेच्या पट्ट्यांना आहे, आपल्या सॉकेटच्या वरच्या जाड भोकाशी त्याचा संबंधच येत नाही! पोरीच्या काळजीने मशीन बंद ठेवलंय.

केबलचं पीसीकडचं टोक सी-१३च (पीसीच्या मागे बसणारं नेहमीचं तीन भोकांचं) आहे, मग आयएसआय मार्कची तीन पिनी केबल लावली की झालं ना? ४५० वॉटच्या एसएमपीएसला (पीसीच्या पॉवर सप्लायला) ०.७५ चौरस मिमी जाडीच्या तारांची चालेल की १ ची घेऊ? घर जुनं आहे. सॉकेटला अर्थिंग खरंच येतंय का, हे वायरमनकडून कसं तपासून घ्यावं?