आठच्या पेसने (किलोमीटरला आठ मिनिटं) पळणं म्हणजे पळणंच नव्हे?

कृष्णाकाठ:
काल ग्रुपवर एकाने लिहिलं, "आठच्या पेसने रखडायचं असेल तर सरळ चाला, रनर म्हणवून घेऊ नका." फार लागलं, म्हणून सविस्तर लिहितोय. तीन वर्षं मीही आठवड्याचे पाचही रन सव्वासहाच्या पेसने मारले. स्ट्राव्हा अ‍ॅपवर सातचा आकडा दिसला की लाज वाटायची. तिन्ही वर्षं साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन (२१ किलोमीटर) दोन तास बारा-चौदा मिनिटांत अडकली आणि उजवी नडगी कायमची धरली. गेल्या जूनपासून चार रन सावकाश, एकच जोरात. यवतेश्वरच्या घाटात हार्ट रेट १४५च्या आत ठेवायचा म्हणून वळणावळणाला चालत होतो, साठीचे काका पुढे निघून जायचे. डोळ्यांत पाणी यायचं. बारा आठवड्यांनी सपाटीवर त्याच हार्ट रेटला पेस आठवरून सव्वासातवर आला. हाफ दोन तास सहा. केनियाचा किपचोगे २०२२मध्ये बर्लिन मॅरेथॉन २:०१:०९मध्ये पळाला, म्हणजे किलोमीटरला २:५२. त्याचे सोपे रन पाचच्या आसपास सुरू व्हायचे. मग आपल्याला कसली लाज?

पेडररोड:
ती पोस्ट माझी. किपचोगे आठवड्याला दोनशे किलोमीटर पळायचा. त्यातले ८० टक्के सावकाश काढले तरी चाळीस जोरातले उरतात. नोकरी करणारा माणूस पस्तीस पळतो, त्याच्याकडे उरतात सात. सात किलोमीटरवर कोण फास्ट झालाय? आणि मुंबईत मे महिन्यात पहाटे पाचलाच अंग निथळतं. तुमचा १४५ मला जरा भरभर चाललं तरी दिसतो.

टेकडीवाला:
आधी मनगटावरच्या घड्याळावर विश्वास ठेवणं सोडा. पट्टा सैल असला, घाम आला की ते हार्ट रेटऐवजी पावलांचे ठोके मोजत बसतं. पुण्यात वेताळ टेकडीवर आम्ही एकच बघतो: सोबतच्याशी धाप न लागता पूर्ण वाक्य बोलता येतंय का. येत नसेल तर पेस कमी करा.

दोन_मुलांची_आई:
सोबतचा कुठून आणू? मला ५:१० ते ६:०० एवढाच वेळ मिळतो. सहाला कुकर लावला नाही तर डबे होत नाहीत. कॅनॉल रोडचे निम्मे दिवे बंद. आठच्या पेसने पळणारी एकटी बाई दिसली की मागून येणारी बाइक हळू होते. इंजिनचा आवाज खाली आला की माझ्या पोटात गोळा येतो. मी साडेपाचच्या पेसने पळते ती त्या आवाजामुळे. 'हळू पळा' सांगणाऱ्यांपैकी एकानेही हा विचार केलेला दिसत नाही.

टेकडीवाला:
ताई, ग्रुपमध्ये या ना. सहाला निघतो आम्ही.

दोन_मुलांची_आई:
सहाला काय असतं ते वरच लिहिलंय. वाचा तरी.

पेडररोड:
विषय पेसचा होता. दिव्यांची तक्रार वॉर्ड ऑफिसात करा.

दोन_मुलांची_आई:
दोनदा केली. आणि विषय हाच आहे. तुम्हाला पेस निवडता येतो, मला येत नाही.

नाशिकची_रनर:
माझंही हेच. शेवटी सोसायटीतच पळायला लागले. एक फेरी २६० मीटर, पंचवीस फेऱ्या. वळणं इतकी की पेस आपोआप आठपेक्षाही हळू होतो. गुडघा आतल्या बाजूने दुखतो म्हणून दर पाच फेऱ्यांनी दिशा बदलते. कंटाळा येतो, पण घाबरत पळत नाही.

कृष्णाकाठ:
मी घाटात अंधारात एकटा पळतो आणि हे कधी डोक्यात आलं नाही. चूक मान्य. पण पेडररोड, तुमच्या सातच्या हिशेबाला उत्तर आहे. सावकाश पळाल्यावर पाय थकत नाहीत, म्हणून पस्तीसचे पन्नास होतात. माझे झाले.

पेडररोड:
वेळ कुठून आणायचा ते त्यात नाही. एवढं मान्य करतो: गेल्या जानेवारीत मुंबईच्या फुल मॅरेथॉनला परतीचा पेडर रोडचा चढ मी चालत चढलो. त्याआधीचे चार महिने एकही रन सहापेक्षा हळू नव्हता. मंगळवारचा एक रन सावकाश करून बघेन. एकच. आणि ताई, वॉर्ड ऑफिसचं बोलायला नको होतं.

दोन_मुलांची_आई:
ठीक आहे. @नाशिकची_रनर, सोसायटीच्या पार्किंगच्या उतारावर पावसात पाय घसरत नाही का? आमच्याकडे तिथे गुळगुळीत फरशी आहे.

नाशिकची_रनर:
घसरतो. तेवढा तुकडा मी चालते.