बारा वर्षे वाट पाहून घेतलेला व्हॉक्स एसी-३० विकावा का?

धागाकर्ता (ठाणे)

गिटारसाठी व्हॉक्सचा ३० वॅटचा एसी-३० अ‍ॅम्प्लिफायर (अ‍ॅम्प) घ्यावा, ही इच्छा मी बारा वर्षे मनात बाळगली होती. चार वर्षांपूर्वी तो मला वापरलेला, ८५ हजार रुपयांना मिळाला. आता तो विकावा असे माझे मत होत चालले आहे आणि त्याविरुद्धचे म्हणणे मला मुद्दाम ऐकायचे आहे.

पैशांची अडचण नाही. अडचण आवाजाची आहे. शेजाऱ्यांची आणि आमची भिंत एकच आहे, आणि मुलगी यंदा दहावीला आहे. मुख्य बटण दाबले की मागच्या जाळीआड व्हॉल्व्ह, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या, तांबूस होतात, तापलेल्या धुळीचा ओळखीचा वास येतो, मिनिटभराने मी स्टँडबाय (आवाज रोखून धरणारे दुसरे बटण) काढतो, आणि व्हॉल्यूमचा काटा एकाच्या जरा पुढे सरकवला की खिडकीची काच थरथरते. त्यापुढे मी चार वर्षांत तीनदाच गेलो आहे. मास्टर व्हॉल्यूम आहे, परंतु त्याने केवळ सुरुवातीच्या छोट्या व्हॉल्व्हचा आवाज फाटतो. ज्या आवाजासाठी मी इतकी वर्षे थांबलो, तो शेवटच्या टप्प्यातील चार ईएल-८४ व्हॉल्व्ह ताणले गेल्याशिवाय येत नाही.

खर्ज

विकू नका. आपण अडचण बरोबर सांगितली आहे, पण विकल्याने ती सुटणार नाही. वॅट निम्मे केले तर आवाज केवळ ३ डेसिबलने उतरतो, म्हणजे १५ वॅटचा अ‍ॅम्प आणलात तरी शेजाऱ्यांना फरक जाणवणार नाही. अगदी १ वॅटचा आणला, तरी उतार सुमारे १५ डेसिबलचाच, आणि तेवढा आवाजही भिंतीपलीकडे सहज पोहोचतो. व्हॉल्व्ह ताणून वाजवायचे असतील तर फ्लॅटमध्ये कोणताच अ‍ॅम्प पुरा पडत नाही, मग हातातला चांगला का सोडावा? अ‍ॅम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये अ‍ॅटेन्युएटर, म्हणजे अ‍ॅम्पची बरीच ताकद वाटेतच शोषणारे उपकरण, बसवा. इंपिडन्स (विजेला होणारा अवरोध) अ‍ॅम्पशी जुळणारा मात्र घ्या, कारण तिथे चूक झाली तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

जुना रेडिओ

मी उमेदीची वर्षे व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करण्यात घालवली, त्या अनुभवावरून सांगतो: विका, आणि लवकर विका. व्हॉल्व्हचे यंत्र कपाटातल्या पैठणीसारखे जपून ठेवता येत नाही. न वापरता पडून राहिले की त्यातले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर (वीज साठवणारे भाग) कमजोर होतात, ठाण्याच्या पावसाळ्यात सॉकेटच्या पिना गंजतात आणि स्पीकरच्या कागदी कोनला दमट हवा लागते. (मागचे झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आत तीनशेहून अधिक व्होल्ट साठून राहिलेले असू शकतात.) अ‍ॅटेन्युएटरचे म्हणाल, तर त्याने व्हॉल्व्हची झीज थांबत नाही, कारण ते पूर्ण ताकदीनेच चालतात, शिवाय आवाज फार खाली आणला की आपल्या कानाला खर्ज आणि तीव्र स्वर कमी ऐकू येतात आणि स्पीकरचा कोनही पुरेसा हलत नाही. एवढा खटाटोप करून हाती अर्धाच आवाज लागेल.

मूळ गोष्ट अशी, की हे यंत्र घरासाठी घडलेच नव्हते. १९५० च्या दशकाच्या शेवटी, द शॅडोजसारख्या ब्रिटिश गिटार-वाद्यवृंदांना आरडाओरड करणाऱ्या श्रोत्यांच्या वर गिटार ऐकवायची होती आणि १५ वॅटचा एसी-१५ अपुरा पडत होता, म्हणून व्हॉक्सचे रचनाकार डिक डेनी यांनी चार ईएल-८४ घालून हा मोठा भाऊ बनवला. गिटारचा आवाज सभागृहभर नेण्याचे काम तेव्हा अ‍ॅम्पलाच करावे लागे. ते काम तो आपल्या बैठकीच्या खोलीत करतो, यात त्याचा दोष नाही.

खर्ज

इतिहास मान्य, निष्कर्ष मान्य नाही. आपण सांगता ते न वापरण्याचे दुष्परिणाम आहेत, जवळ ठेवण्याचे नव्हेत. महिन्यातून दोन तास तालमीची खोली भाड्याने घेऊन तिथे तो पूर्ण उघडून वाजवला, तर कंडेन्सरही टिकतील आणि वादकही.

धागाकर्ता (ठाणे)

हा उपाय मी करून पाहिला आहे. अ‍ॅम्प ३२ किलोंचा आहे. लिफ्ट बंद असताना तो चौथ्या मजल्यावरून उतरवताना माझी पाठ धरली, आणि नंतर तालमीच्या खोलीत तिथलाच अ‍ॅम्प वापरू लागलो. परंतु 'जुना रेडिओ' यांचे पैठणीचे वाक्य वाचून मला एक गोष्ट मान्य करावी लागली: ते तीन प्रसंग सोडले तर मी एसी-३० जवळ बाळगला आहे, वाजवलेला नाही. बारा वर्षे ज्याची ओढ होती तो आवाज होता, आणि तो माझ्या घरात कधी नव्हताच.

म्हणून तो विकायचे ठरवतो आहे, मात्र ज्याच्याकडे तो वाजेल अशाच माणसाला. घेणाऱ्याने आधी येऊन वाजवून पाहावा. रविवारी सकाळी अकरा वाजता या. शेजाऱ्यांना त्या तासाभराची कल्पना मी देऊन ठेवतो.

खर्ज

माझे मत अजूनही ठेवा असेच आहे. तरीही रविवारी मी येतो, घ्यायला नव्हे, ऐकायला. काटा सहाच्या पुढे न्या.