केबिन बॅग, ४० लिटर आणि "वर ठेवून द्यायला कोणीतरी असतंच"

लवंगी

डोंगरवेडा यांचा केबिन बॅगेवरचा लेख परवा वाचला. तिथेच प्रतिसाद लिहायला घेतला, तो लांबत गेला, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी: ४० लिटरची सॅक घ्या, केबिनमध्ये जाते, कोणालाही पुरते, चेक-इनची भानगड नको. इथवर माझं काही म्हणणं नाही. पण शेवटी महाशय लिहितात, "ज्यांची चण लहान आहे त्यांनी, विशेषतः महिलांनी, सरळ चार चाकांची ट्रॉली घ्यावी. वर ठेवून द्यायला कोणीतरी असतंच."

माझी उंची ४ फूट ११. परवापासून धुमसते आहे.

आधी ते लिटर बाजूला ठेवा. आपल्याकडच्या विमानात केबिन बॅगेची नेहमीची मर्यादा ५५ × ३५ × २५ सेंमी, वजन ७ किलो. ४० लिटरवाल्या बहुतेक सॅक ही ५५ ची उंची पुरेपूर वापरतात. माझ्या पाठीची लांबी ३६ सेंमी. उरलेले १९ सेंमी जाणार कुठे? एकतर डोक्यामागे, मग मान वर करून इंडिकेटर वाचायची सोय नाही. नाहीतर खाली, मग कंबरपट्टा मांड्यांवर येतो आणि जिना चढताना दर पायरीला बॅग ढुंगणावर आपटते. त्या पट्ट्याचं काम खांद्यावरचं वजन कमरेच्या हाडावर घ्यायचं. हाडाखाली घसरला की तो फक्त शोभेचा.

पाठीची लांबी म्हणजे उंची नव्हे. मान पुढे झुकवल्यावर मानेच्या तळाशी जो मणका टोकदार लागतो, तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंत. टेप पाठीच्या वळणावरून न्यायची. माझी मावसबहीण माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, पाठ मात्र माझ्याएवढीच. बाकी नुसते पाय. तिलाही तुमची ४० लिटर बसत नाही.

आता ट्रॉली. कडक कवचाची ट्रॉली रिकामीच अडीच-तीन किलो भरते. ७ किलोतून ते वजा करा आणि मग सांगा, सामान काय न्यायचं. दोन चाकीचं हँडल पूर्ण काढलं तर माझा कोपर वर राहतो, एक टप्पा खाली घेतलं तर बॅग टाचेला लागते. चार चाकी विमानतळाच्या फरशीवर छान पळते, कबूल. पण दादरच्या पुलावर चाकं चार असोत नाहीतर आठ, उचलायचीच असते.

माझी कसोटी सोपी आहे. घरी बॅगेत पाच किलोची कणकेची पिशवी आणि दोन किलो तूरडाळ भरा आणि बॅग डबल डोअर फ्रिजवर ठेवून बघा. स्टूल नाही, नवरा नाही. ठेवता आली तर ती बॅग तुमची. नाही आली तर लहान घ्या: २६ ते ३० लिटर, रिकामी किलोभराच्या आत, उंचीला ४५ सेंमीपर्यंत. ती समोरच्या सीटखाली जाते, म्हणजे वर ठेवायचा प्रश्नच मिटला. शिवाय माझे पाय विमानात तसेही जमिनीला टेकत नाहीत. बॅगेवर मस्त ठेवता येतात.

डोंगरवेडा

एवढ्या लेखातून एक वाक्य उचललंत आणि त्यावर धागा! धन्य.

तुमचं गणित जुन्या सॅकना लागू आहे. आता पाठीची लांबी कमीजास्त करता येणाऱ्या सॅक मिळतात. ऑस्प्री कंपनीच्या फारपॉइंट सॅकची बायकांच्या मापाची फेअरव्ह्यू आहे, तीही ४० लिटरचीच, रिकामी दीड किलोच्या आसपास. आमची ही तीच वापरते. एकदाही तक्रार नाही.

आणि सीटखाली ठेवायचं कौतुक सांगू नका. पहिल्या रांगेत किंवा इमर्जन्सी दाराशी सीट मिळाली की टेकऑफच्या आधी बॅग वर ठेवायलाच लावतात. तेव्हा काय कराल?

लवंगी

वहिनींची उंची किती?

डोंगरवेडा

५ फूट ५. त्याचा इथे काय संबंध?

लवंगी

काही नाही. सहज विचारलं.

पहिल्या रांगेचं खरं आहे, ते मान्य. म्हणून ती सीट मी घेतच नाही. जादा पैसे मोजून पाय पसरायला जागा घ्यायची, तर आधी पाय तर हवेत.

मुक्काम_म्युनिक

लवंगीताईंना पूर्ण पाठिंबा. इकडे तर ४० लिटरचा आग्रह अंगाशी येतो. लुफ्तान्सा ८ किलो देते, ते ठीक. पण स्वस्तातल्या कंपन्यांकडे मोठी बॅग वर ठेवायचे वेगळे पैसे. रायनएअरने २०२५ मध्ये फुकटच्या बॅगेचं माप वाढवून ४० × ३० × २० केलं, म्हणजे २४ लिटर. गेटवर ती मापाची चौकट ठेवलेली असते, तिच्यासमोर भलेभले जाकिटावर जाकीट चढवून उभे असतात. एकाला मी गुडघ्याने बॅग दाबताना पाहिलंय. चौकटीत गेली, मग बाहेर येईना.

तेव्हा लहान बॅग बुटक्यांचीच गरज आहे असं समजू नका.

खडूस_काका

वाचून करमणूक झाली. आम्ही होल्डॉल आणि पत्र्याची ट्रंक घेऊन सबंध हिंदुस्थान फिरलो. पाठ कोणी मोजली नाही. डब्यात बाई चढली की चार जण उठून सामान वर ठेवायचे, आणि उतरताना न सांगता खाली काढून द्यायचे. त्यात कोणाला कमीपणा वाटत नव्हता. अगं लवंगी, मदत घेतली तर बिघडतं काय? सगळं स्वतःच उचलायचा हा हट्ट कशासाठी?

अनघा_ठाणे

काका, चार जण उठायचे तेव्हाची गोष्ट. आता चार जण कानात बोंडं घालून मोबाइल बघत बसतात.

"कोणीतरी असतंच" यातली कोणीतरी म्हणजे बहुतेक वेळा केबिन क्रूची मुलगी. माझी धाकटी बहीण त्या नोकरीत होती. त्यांना ट्रेनिंगमध्येच सांगितलं होतं, जागा शोधून द्या, बॅग उचलू नका. तरी लोक बॅग पायाशी सोडून बसायचे आणि बोटाने वर दाखवायचे. दिवसात तीन-चार फ्लाइट. खांदा गेला तिचा. ती स्वतः ५ फूट २.

आणि हा काही आपल्याकडचा नवीन फाजीलपणा नाही. ब्रिटिश एअरवेज केबिन बॅगेला चक्क २३ किलोपर्यंत परवानगी देते, पण अट अशी की तुमची तुम्हाला उचलून वर ठेवता आली पाहिजे. वजन किती ते तुम्ही ठरवा, उचला तुम्हीच.

साधा_माणूस

आता मीही बोलतोच. मागे एकदा पुणे-दिल्ली विमानात एका मुलीची ट्रॉली वर जात नव्हती. मी उठून हात लावला, तर "मी सांगितलं होतं का तुम्हाला?" सगळ्या रांगेसमोर. तेव्हापासून खिडकीबाहेर बघतो. मदत केली तर आगाऊ, नाही केली तर बोंडं घालून बसलेला. तुम्ही बायकांनी आधी आपसात ठरवा काय हवंय ते.

अनघा_ठाणे

"तुम्ही बायकांनी" म्हणजे सगळ्या बायकांची मिटिंग घेऊन ठराव पास करायचा का? "मदत करू?" हे दोन शब्द विचारायला काय पैसे पडतात? न विचारता दुसऱ्याच्या सामानाला हात लावला तर मीही ओरडेन. आत लॅपटॉप असतो, काचेची बाटली असते.

साधा_माणूस

एका बाटलीसाठी एवढं? बरं, ठीक आहे. पुढच्या वेळी अर्ज भरून घेईन. तीन प्रतींत.

ताडमाड

उंची ६ फूट १. या धाग्यावर माझी बाजू कोणीच मांडत नाही म्हणून लिहितो.

विमानात शिरलो की आजूबाजूच्या सहा सीटांवरून माझ्याकडे बघतात. माझ्या खांद्याचं ऑपरेशन झालंय, उजवा हात डोक्यावर नेला की कळ येते. ते कपाळावर लिहून फिरू का? एकदा नाही म्हणालो तर एक आजी शेजारणीला म्हणाल्या, "एवढा धटिंगण, पण माणुसकी नाही." आणि समजा माझ्या हातातून तुमचे सात किलो निसटले, तिसऱ्याच्याच डोक्यात पडले, तर निस्तरायचं कोणी? तुम्ही तर सीटबेल्ट लावून बसलेल्या.

काका, चार जण उठायचे म्हणता. त्यातल्या किती जणांची पाठ पुढे धरली ते विचारलं होतं का कधी?

खडूस_काका

माझीच धरली. एल-फोर एल-फाइव्ह, कमरेचे मणके. ट्रंकेमुळे धरली की वयामुळे, ते डॉक्टरलाही सांगता आलं नाही.

पण बाबा, खांद्याचं सांगून टाकावं माणसाने. आजींना काय स्वप्न पडणार?

ताडमाड

दर प्रवासाला अनोळखी माणसांना केस पेपर दाखवू?

डोंगरवेडा

धागा बॅगेचा होता अशी आठवण करून देतो.

अनघा_ठाणे

वाक्य तुमचंच होतं अशी आठवण मी करून देते.

कोकणी_मेवा

भांडून झालं असेल तर कामाचं बोलू. मी ५ फुटांची. गावी जाते ते स्टेशन छोटं आहे, फलाट एवढा खाली की डब्याची शेवटची पायरी माझ्या गुडघ्याच्या वर येते. गाडी दोन मिनिटं थांबते. तिथे ट्रॉली आधी वर फेकावी लागते आणि मग आपण चढायचं; आत ती चार चाकांवर घरंगळत संडासापर्यंत जाते. घडलेलं सांगते आहे. तेव्हापासून सॅक.

घेताना मी एकच बघते: बॅगेच्या बुडाला पकडायला हँडल किंवा जाड पट्टा आहे का. उंच माणूस वरच्या हँडलला धरून बॅग उचलतो आणि आत ढकलतो. आपल्याला एका हाताने वरचं धरून दुसऱ्याने बुडाखालून रेटावं लागतं. बूड गुळगुळीत असेल तर बॅग निम्म्यावर अडकते आणि आपण हात वर करून उभ्या, मागे रांग तुंबलेली. माझ्या आधीच्या, नावाजलेल्या म्हणवणाऱ्या सॅकला बुडाशी काहीच नव्हतं. शिलाईवाल्याकडून निवारपट्टी मारून घेतली. त्याने फार नाही घेतले, पण चार वेळा विचारलं, "इथे खाली कशाला पाहिजे?"

लवंगी, तुझं सीटखालचं पटतं, पण गाडीच्या प्रवासात मिडल बर्थ मिळाला की सीटखाली ठेवलेलं रात्री काढता येत नाही. मी डोक्याशी घेते. २८ लिटरची उशाला चालते, ४० ची घेतली तर मीच खाली.

लवंगी

बुडाच्या हँडलचं डोक्यातच आलं नव्हतं. हे मूळ लेखात असायला हवं होतं, पण लेखकाची उंची आड आली असावी.

एक माझीही भर. खांद्याचे पट्टे मानेशी जिथून निघतात तिथलं अंतर बघा. पुरुषी मापाच्या सॅकमध्ये ते रुंद असतं, अरुंद खांद्यांवरून पट्टे सारखे घसरतात, मग आपण छातीवरची क्लिप आवळत बसतो आणि श्वास कोंडतो. क्लिपची पट्टी वरखाली सरकणारी हवी. एकाच जागी शिवलेली असेल तर ती नेमकी नको तिथे येते. बायकांना कळेल, डोंगरवेडा यांनी वहिनींना विचारावं.

अनघा_ठाणे

आणि लोकल! पाठीवरची सॅक पुढे घ्यावी लागते. उंच माणसाच्या ती पोटावर बसते, माझ्या हनुवटीपर्यंत येते. खाली फलाट कुठे संपतो ते दिसत नाही. ५५ सेंमीची पुढे लटकवून गर्दीच्या वेळी ठाण्याला उतरून दाखवा, मग लिहा "कोणालाही पुरते".

मुक्काम_म्युनिक

मोठा प्रश्न वेगळाच आहे. ७ किलोत लॅपटॉप धरायचा की नाही? एका काउंटरवर सोडतात, दुसऱ्यावर...

साधा_माणूस

आलं. मला वाटलंच होतं सात किलोवर कोणीतरी घसरणार. त्यावर दर महिन्याला रडारड होते.

डोंगरवेडा

असो. घरी टेप काढली. हिची पाठ ४४ सेंमी निघाली, म्हणून तिला फेअरव्ह्यू बसते. इथे कोणाला आनंद होणार असेल तर घ्या करून. शिवाय तुमची फ्रिजची कसोटीही करायला लावली. ठेवली तिने. मग म्हणाली, आता खाली तूच काढ.

लेखात "कोणालाही पुरते"च्या जागी "पाठ ४० सेंमीच्या वर असल्यास" असं करतो. ट्रॉलीचं वाक्य ठेवणार. गुडघे दुखणाऱ्यांना, पाठीला ओझं न चालणाऱ्यांना ट्रॉलीच बरी, हे तुम्हीही नाकारणार नाही. "कोणीतरी असतंच" काढतो, म्हणजे ताडमाड यांना झोप लागेल.

ताडमाड

आभार. आजींनाही कळवा.

लवंगी

गुडघ्यांचं मान्य. "विशेषतः महिलांनी" पण काढा. एवढं करताच आहात तर.

डोंगरवेडा

काढतो. आणखी काही? स्वल्पविराम?

खडूस_काका

तुमचं चालू द्या. नात पहिल्यांदा एकटी बंगळूरला निघाली आहे, इंटर्नशिपला. आत्ताच तिची पाठ मोजली, ३८ भरली. दुकानात नेऊन बघायचं काय? रिकामी सॅक तर सगळ्यांनाच बसते.

लवंगी

काका, रिकामी घालून बघूच नका. डेकॅथलॉनमध्ये नेलंत तर तिथेच डंबेल्स असतात, पाच किलोभर आणून बॅगेत घाला, भोवती दोन टॉवेल कोंबा. आधी कंबरपट्टा लावायला सांगा, तो कमरेच्या हाडावर बसला पाहिजे. मग खांद्याचे पट्टे ओढायचे. पट्टे खांद्यावर टेकलेले हवेत, मध्ये बोट जाईल एवढी फट राहिली तर बॅग तिला मोठी आहे. मग दहा-पंधरा मिनिटं दुकानात फिरू दे, एकदा खाली बसून उठू दे. शेवटी डोक्याच्या उंचीच्या रॅकवर तिची तिला ठेवू दे. तुम्ही मध्ये हात लावायचा नाही.

खडूस_काका

हात नाही लावत. डंबेल्स परत जागेवर कोण ठेवणार, तेवढं सांग. एल-फोर एल-फाइव्ह.